जयवंतच्या पत्त्यावर

"दाबा वहिनी. एकदाच दाबायचंय."

हेमंत भावजींनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला आणि खुर्ची मागं सरकवून बसले. पडद्यावर एक मेल उघडा होता. टिपुगडे इंजिनिअरिंग वर्क्स हे इंटरनेटवरचं नाव हेमंत टिपुगडे यांच्या ताब्यात द्यायला आपली मान्यता आहे का, असं त्यात इंग्रजीत विचारलं होतं आणि खाली एक निळं बटण होतं. मेल ज्याच्या नावानं आला होता तो माझा नवरा. त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"मी कशी दाबू? मान्यता त्यांची मागितलीय," मी म्हटलं.

"अहो, नाव दादाच्या नावावर हाय म्हणून दादाच्या पेटीत आलं. पेटी तुम्ही उघडता. म्हणजे दाबायचं तुम्हीच की."

"आणि दाबल्यावर?"

"नाव माझ्याकडं येतंय. पुण्याची कंपनी नवी वेबसाइट करून देणार, नव्या पेट्या, सगळं चकाचक. वारलेल्या माणसाच्या नावावर कारखान्याची पाटी किती दिवस ठेवायची? उद्या मुदत संपली, काय झालं, तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "आणि तुम्हीपण आता जरा आराम करा, वहिनी. लई ओढलंत."

आराम या शब्दाचा अर्थ मी बरोबर ओळखला. मला मूल झालं नाही, नवरा राहिला नाही. त्या घरात मला जागा होती ती ऑफिसातल्या त्या खुर्चीपुरती, आणि खुर्ची होती ती त्या पेटीपुरती. पेटी गेली की मी घरी, जावेच्या हाताखाली कांदा चिरायला. हे मला कळत होतं आणि भावजींनाही कळत होतं, म्हणून तर ते लॅपटॉपकडं बघत बोलत होते.

कोपऱ्यातल्या लाकडी आरामखुर्चीत आबा बसले होते, माझे सासरे. कारखाना त्यांनीच उभा केलेला.

"आबा, तुम्ही तरी सांगा की वहिनींना."

आबा दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवत खिडकीबाहेर बघत बसले.

आता हे प्रकरण त्या बटणापर्यंत कसं आलं ते सांगायला पाहिजे. आमचा कारखाना कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत. उसाचा रस काढायला गुऱ्हाळावर चरक असतो ना, तो आम्ही करायचो. लोखंड वितळवून ओतायचं, लाटा, म्हणजे ऊस पिळणारे रूळ, कातायच्या, दाते बसवायचे. आमचे चरक पार आफ्रिकेत जायचे. केनियात काकामेगा म्हणून गाव आहे, तिथं ऊस पिकतो आणि गूळही करतात, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं तर मी तोंडावर पदर घेऊन हसले असते. तिथला वाफुला नावाचा व्यापारी आमचे चरक घ्यायचा. एकट्याची एवढी मागणी, की वर्षातले निम्मे दिवस भट्टी त्याच्यासाठीच पेटायची.

या वाफुलाला एकदा कुणीतरी गंडवलं. फुकटच्या मेलवर जयवंतच्या नावानं खातं उघडलं, 'आमचा पत्ता बदललाय, आगाऊ रक्कम इकडं पाठवा' असं लिहिलं, आणि त्या भल्या माणसानं पाठवली. चरक काही गेले नाहीत. वाफुलानं शेवटी फोन केला तेव्हा उलगडा झाला. जयवंत दोन दिवस जेवला नाही. 'माझ्या नावानं फसवलं गं त्याला,' एवढंच बोलत होता.

मग त्यानं स्वतःचं नाव घ्यायचं ठरवलं. मी बी. कॉम. झालेली, इंग्रजी बरं, त्यामुळं दोघं मिळून शिकलो. आबा समोर बसून उलटतपासणी घ्यायचे.

"म्हंजे नेमकं काय इकत घेतलंस तू?"

"नाव, आबा. टिपुगडे म्हणून पाटी. ही दुसऱ्या कुणाला लावता येणार नाही. दरवर्षी भाडं भरायचं, मुदत चुकवायची नाही."

"आन् पाटी लावणार कुटं? हवेत?"

"जागा भाड्यानं घेतलीय. ती वेगळ्या माणसाकडनं. त्या जागेत आपली वेबसाइट, आणि तिथंच आपल्या पत्रांची पेटी. पेटीवर माझं नाव, पुढं कारखान्याचं."

"म्हंजे पाटी येकाची, जागा दुसऱ्याची, आन् पत्रं त्या जागेत."

"अगदी बरोबर!"

"लई उपद्व्याप," असं म्हणून आबा हसले, पण त्यांना ते कळलं होतं. आज मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका खोलीत बसून छोट्या धंदेवाल्यांना हेच करून देते. शिकलेली माणसं येतात आणि पाटी, जागा, पेटी सगळं एकच समजतात. त्यांना मी आबांच्या शब्दांत सांगते.

नव्या पत्त्यावरनं पहिलं पत्र गेलं तेव्हा वाफुलाचं उत्तर आलं: 'भावा जयवंत, आता तुझ्या दारावर तुझी पाटी आहे. इथून पुढं या पेटीतनं येईल तेच पत्र मी खरं मानीन. तू स्वतः दुसरीकडनं लिहिलंस तरी मी विश्वास ठेवणार नाही, राग मानू नकोस.' जयवंत ते पत्र चार लोकांना दाखवत फिरला. एवढा खूश झाला होता.

वाफुलाची पत्रं शनिवारची. तो आत शेताकडं राहायचा, बाजाराच्या दिवशी गावात यायचा आणि तिथल्या एका दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून लिहायचा. कामाचं दोन ओळीत, बाकी सगळी घरची चौकशी. पाऊस झाला का, ऊस किती वाढला, आईला नमस्कार सांग, वडिलांचा गुडघा कसा आहे. आबांच्या गुडघ्याची चौकशी एकाही पत्रात चुकली नाही. सोमवारी सकाळी कारखाना उघडला की आधी चहा आणि मग वाफुला. मी इंग्रजीतलं वाचत वाचत मराठीत सांगायची, आबा डोळे मिटून ऐकायचे. त्यांच्या डोक्यातला वाफुला माझ्याच मराठीत बोलायचा.

मग जयवंत गेला. कराडच्या पुढं हायवेवर, गाडीचा पार चुराडा. फोनसुद्धा हाती लागला नाही, आणि वाफुलाचा नंबर त्यातच होता. त्याच दुःखात वर्षभरात सासूबाईही गेल्या. त्याबद्दल जास्त बोलत नाही मी.

जयवंतचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी आबा कारखान्यात येऊन बसले. मीही गेले होते, घरात बसवत नव्हतं म्हणून. आबांनी विचारलं, "वाफुलाचं काय आलंय?"

मी पेटी उघडली. आलं होतं. दात्यांच्या मापाविषयी विचारलं होतं, आणि खाली नेहमीचं. मी वाचलं. 'भावा जयवंत, वडिलांचा गुडघा कसा आहे?'

आबांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "लिव. बरा हाय म्हणून."

"कोण बरा आहे, आबा?"

"गुडगा."

"आणि खाली नाव?"

"जयवंतचंच घाल."

मी त्यांच्याकडं बघितलं. आबांनी मान वळवली. "गिऱ्हाईक तुटंल," असं म्हणाले. गिऱ्हाइकाचं कारण खोटं नव्हतं, पण ते कारण नव्हतं.

आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी 'हे'. ते गेल्यावर मी ते नाव दर आठवड्याला टाइप करायला लागले. त्याच्यासारखी छोटी छोटी वाक्यं, शेवटी त्याच्यासारखं 'नमस्कार फ्रॉम कोल्हापूर'. माप, वजन, जहाजाची तारीख, पाऊस, गुडघा. सुरुवातीला त्याची जुनी पत्रं बघून लिहायची. नंतर नंतर तर असं व्हायचं, की लिहिताना वाटायचं ह्यांनाच विचारून लिहितेय. कुणाला हसायचं तर हसा. मला त्या पेटीत माझा माणूस सापडायचा, आणि आबांना त्यांचा पोरगा. म्हणून नाव तोंडानं घ्यायचंही मी तिथंच शिकले.

आणि आता हेमंत भावजी म्हणत होते, दाबा.

त्यांचंही चुकत नव्हतं हो. थोरला गेल्यावर सगळा भार त्यांच्या अंगावर आलेला. कामगार त्यांचे, कर्ज त्यांचं, आणि बाहेरचा माणूस फोन करून विचारणार, 'जयवंतराव आहेत का?' किती दिवस सहन करणार? माझा राग त्यांच्यावर नव्हता. राग त्या 'आराम'वर होता.

शेवटी आबाच बोलले. खिडकीकडं बघतच. "शैला, दाब. कवातरी करायला लागणारच हाय."

"दाबते," मी म्हटलं. "पण त्याआधी वाफुलाला सांगायचं. खरं काय ते."

आबा गर्रकन वळले. "काय गरज हाय?"

"आबा, नव्या पेट्यांत ह्यांच्या नावाची पेटी असणार नाही. तो माणूस बंद दारावर टकटक करत बसणार. दीड वर्ष त्यानं आपल्याला भाऊ म्हटलंय. हे बरं दिसत नाही."

"आगं, पर..." आबांचे ओठ थरथरायला लागले. एवढा आडदांड माणूस, भट्टीसमोर उघड्या अंगानं उभा राहिलेला. पोरगा गेला तेव्हा लोकांसमोर रडले नव्हते. "तितं कळलं म्हंजे समदीकडंच कळलं की गं."

 भावजी खाली बघत होते. त्यांचा सख्खा भाऊ होता तो.

"लिव," आबा म्हणाले. "पर मला वाचून दाव आधी."

मी लिहिलं. जयवंतच्या पेटीतनं, पण पहिल्यांदा माझ्या नावानं. 'मी शैलजा, जयवंतची बायको. जयवंत आता नाहीत. अपघात झाला. आबांना हे लिहायचा धीर झाला नाही, म्हणून इतके दिवस जयवंतच्या नावानं मी लिहीत होते. तुमची पत्रं हा आमचा मोठा आधार होता. इथून पुढं माझे दीर हेमंत तुम्हाला लिहितील. आबांचा गुडघा अजून दुखतो.'

आबांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी पाठवलं.

मग निळं बटण. बोट ठेवलं आणि मनातल्या मनात म्हटलं, अहो, रागावू नका. दाबलं. पडद्यावर इंग्रजीत आभार मानले गेले, जयवंत टिपुगडे यांचे.

"भावजी, एक ऐका," मी म्हटलं. "नाव तुमच्याकडं आलं. पण पत्रं अजून जुन्या जागेत आहेत. ती जागा सोडायच्या आधी सगळी पत्रं उतरवून घ्यावी लागतात. आणि शनिवारी वाफुलाचं उत्तर येणार. तोवर काही हलवू नका."

"नाही हलवत, वहिनी. वाफुलाचं येऊ दे, मग बघू. शब्द दिला."

तो बुधवार होता. त्या आठवड्यात आबांनी कधी नाही ते रोज विचारलं. "शनवार कवा गं?" "परवा, आबा." "त्याचं वडील गेलं तवा जयवंतनं केवढं मोठं लिवलं हुतं. आठवतंय?" "आठवतंय." "मग त्योबी लिवंल. जयवंतबद्दल लिवंल. लई चांगलं लिवंल त्यो." ज्या माणसाला मरण कळवायचं नव्हतं, तोच आता त्या उत्तराला बसला होता. आपल्या पोराबद्दल कुणीतरी लांबून, मनापासून चार शब्द लिहिणार, याची वाट बघत होता. इथल्या लोकांनी भेटायला येऊन जे बोलायचं ते बोलून झालं होतं, पण त्यातलं आबांनी काही ऐकलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी आबा माझ्या आधी येऊन बसले होते. धुतलेला सदरा, टोपी. चहा आला. मी लॅपटॉप उघडला, पेटीचा पासवर्ड घातला. चुकीचा म्हणाला. परत घातला. चुकीचा. तिसऱ्यांदा घातल्यावर, असं खातंच नाही म्हणाला.

"काय लिवलंय?" आबांनी विचारलं.

"थांबा, आबा. उघडत नाहीय."

मी भावजींना हाक मारली. ते भट्टीवरनं हात पुसत आले.

"भावजी, जुनी जागा सोडलीत का?"

"शुक्रवारी पुण्याहून फोन आला. म्हणाले, नाव आमच्याकडं वळवून घेतो, भाडं दोन्हीकडं कशाला भरताय. मी म्हटलं, ठीक आहे, बंद करा."

"अहो, शब्द दिला होतात!"

"मग? शब्द मोडला कुठं? हलवलंय काय, नाव तर आपल्याकडंच आहे की. पत्रं येतील मागनं."

मला एकदम कळलं त्यांच्या डोक्यात काय होतं. आमचा कारखाना पूर्वी कोल्हापुरातच, उद्यमनगरात होता. शिरोलीला हलवला तेव्हा मी नवी सून होते. आमच्या घरात रीत अशी, की जुन्या भट्टीतला विस्तव घमेल्यात घ्यायचा आणि तो नेऊन नवी भट्टी पेटवायची, आणि दारावरची पाटी घरच्या पोरानं खांद्यावर वाहायची. विस्तव जयवंतनं नेला आणि पाटी हेमंत भावजींनी. पुढं कित्येक वर्षं उद्यमनगरातला पोस्टमन जुन्या पत्त्यावरची पत्रं कुणाकुणाबरोबर शिरोलीला धाडायचा. पाटी नेली की कारखाना आला आणि पत्रं मागनं येतात, हे भावजींनी आयुष्यात डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांना कुणी काय समजावणार!

"भावजी, पत्रं जुन्या जागेतच होती. जागा सोडली, ती लोकं झाडून मोकळी झाली. शनिवारी जे आलं असेल ते दारावरनं परत गेलं."

"असं कसं जाईल?" त्यांचा चेहरा उतरला. तिथंच उभ्या उभ्या पुण्याला फोन लावला, ओरडले, हात जोडले, परत ओरडले. पलीकडनं उत्तर एकच. खातं बंद, सगळं पुसलं, कॉपी कुणाकडंच नाही.

फोन ठेवून ते आबांसमोर खाली बसले. "आबा, मला म्हाईत नव्हतं वो."

आबा माझ्याकडं बघत होते. "म्हंजे आलं न्हाई?"

"नाही, आबा."

"आन् आदीची? जयवंतनं लिवलेली?"

 मी नकाराची मान हलवली. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. समोर चहा गार झाला, साय धरली. ते उठले, भिंतीला हात लावत बाहेर गेले, आणि त्यानंतर आबा कारखान्यात पुन्हा आले नाहीत.

मीही नाही. माझ्या खुर्चीवर हिशेबाची एक बाई आली. मी घरी आराम करायला लागले.

गप्प बसले असं नाही. माझ्या स्वतःच्या साध्या मेलवरनं वाफुलाला लिहिलं. त्याचा पत्ता मला तोंडपाठ होता. उत्तर नाही. परत लिहिलं. नाही. तिकडं भावजींनी नव्या पेटीतनं लिहिलं, मी हेमंत, आता कारभार माझ्याकडं, आगाऊ रक्कम या नव्या बँक खात्यावर पाठवा. त्यालाही उत्तर नाही. वाफुलाची मागणी थांबली. भट्टी एक दिवसाआड पेटायला लागली. भावजी घरी येऊन मुकाट जेवायचे आणि उठायचे. आबा रोज सोमवार आहे का विचारायचे. सुरुवातीला मला वाटायचं विसरतात म्हणून विचारतात. तसं नव्हतं. विसरत नव्हते म्हणून विचारायचे.

ऊसतोडीच्या दिवसांत शिरोळचे मगदूम अण्णा घरी आले. गुळाचा रस आटवायच्या मोठ्या कढया, काहिली करणारे, आबांच्या ओळखीचे. केनियाला जाऊन आले होते, तिकडं गुऱ्हाळवाल्यांचा मेळावा होता. भावजी कारखान्यात होते. घरात मी आणि आबा.

"आबा, तुमच्या त्या वाफुलाला भेटून आलो," अण्णा म्हणाले.

आबा खाटेवर उठून बसले. "काय म्हणला?"

मगदूम अण्णांनी माझ्याकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि हातातली पिशवी या हातातनं त्या हातात केली. "कोल्हापूर म्हटल्यावर मिठीच मारली. घरी नेलं. म्हणाला, माझ्या भावाचा घात झालाय."

"मग, झालाच की," आबा म्हणाले.

"तसा न्हवं, आबा. त्यो म्हणतोय, चोरांनी जयवंतचं नाव चोरलं. पहिल्यांदा त्याच्या पेटीतनं लिवलं की जयवंत मेला. ह्यानं रडत रडत उत्तर धाडलं तर ते परत आलं, पेटीच न्हाई म्हणून. जयवंतचा फोनबी लागंना. मग बाईच्या नावानं फुकटच्या पत्त्यावरनं आलं. मग कुणी हेमंत, त्यानं नव्या बँकेत पैसं मागितलं. म्हणतोय, मला येकदा असंच फशिवलंय, परत न्हाई फसणार. जयवंतला दुसऱ्या पेटीतनं लिवलेलं मी खरं मानणार न्हाई म्हणून सांगितलंय, त्याला ठावं हाय. आपली पेटी मिळवंल आन् लिवंल त्यो."

मी दाराची चौकट धरली. दीड वर्ष आम्ही मेलेल्या माणसाच्या नावानं लिहिलं, ते त्याला खरं वाटलं. आणि एकदा खरं लिहिलं, तर ते चोराचं.

"अण्णा, तुम्ही सांगितलं नाही त्यांना?" मी विचारलं.

"काय सांगू, पोरी? त्याची बायको समोर बसलेली. दर आयतवारी चर्चात जयवंतसाठी मेणबत्ती लावती म्हणाली, त्याचं संकट टळावं म्हणून. माझी जीभच रेटंना." त्यांनी डोळे पुसले. "फोन नंबर आणलाय त्याचा. तुम्हीच काय ते सांगा. घरच्या माणसानं सांगितलं तर पटंल. धंदाबी चालू हुईल परत." मग पिशवीतनं एक पत्र्याची चपटी डबी काढली. "आन् हे दिलंय. तिकडचं कसलं मलम हाय. म्हणाला, जयवंतच्या वडलांच्या गुडघ्याला."

अण्णा चहा पिऊन गेले. नंबर त्यांनी माझ्या फोनमध्ये घालून दिला होता. मी खाटेजवळ उभी राहिले. सांगायला तर पाहिजेच होतं. कारखान्यासाठी, भावजींसाठी, त्या मेणबत्ती लावणाऱ्या बाईसाठी. मी नंबर काढला.

आबांनी माझं मनगट धरलं. "कुणाला लावतीस?"

"वाफुलाला. खरं काय ते सांगते, आबा."

"येकदा सांगितलं की त्येला."

"त्यांना पटलं नाही ते."

"मलाबी पटलं न्हवतं," आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. पुसायला त्यांनी हातसुद्धा उचलला नाही. "समद्यांस्नी कळलं गं. गावाला कळलं, भावकीला कळलं, त्या पेटीच्या मशिनीला कळलं. तितं येक मानूस म्हणतोय जयवंत हाय, पेटी मिळवंल आन् लिवंल. तितं तरी ऱ्हाऊ दे माझ्या पोराला."

"आणि कारखाना?"

"हेमंता बघंल. त्येला दुसरी गिऱ्हाइकं मिळतील."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मग फोन बंद करून फळीवर ठेवला. माझं चुकलं का बरोबर, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तो नंबर भावजींना मी कधी दिला नाही.

मी डबी उघडली. आत हिरवट मलम होतं, निलगिरीसारखा उग्र वास. खाली बसले, आबांचं धोतर गुडघ्यावर सारलं आणि चोळायला लागले. आबा डोळे मिटून पडले होते, सोमवारी पत्र ऐकताना असायचे तसे.

"गार वाटतंय," थोड्या वेळानं म्हणाले. "कळीव त्येला. गुडगा बरा हाय म्हणून."

"कळवते, आबा," मी म्हटलं, आणि चोळत राहिले.